सासऱ्याच्या छातीवर सुनेचे हात

"हा नुसता हार्ट अटॅक नव्हता, कार्डिॲक अरेस्ट होता," डॉक्टर म्हणाले, आणि आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर बसलेल्या आमच्या भाऊबंदांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या. एकालाही फरक कळला नव्हता. विचारण्यात कमीपणा वाटत होता.

मी सांगते फरक. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी बुजते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छाती दुखते म्हणून सांगतो. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपाचं कामच थांबणं. माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. मग त्याच्याकडं मोजकी मिनिटं उरतात, आणि तीही आजूबाजूच्या लोकांच्या हातात. आपले लोक ती कशी घालवतात ते मी बघितलंय, म्हणून हे लिहितेय.

हर्सूलच्या एका मंगल कार्यालयात माझ्या चुलत दिराचा साखरपुडा होता. यजमान होते चुलत सासरे, तात्या. आमच्याकडं मानपान म्हणजे टोपी-उपरणं. माईकवाला नाव पुकारतो, माणूस उठतो, टोपी घालून घेतो, फोटो काढून घेतो. माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, नाव पुकारलं. आबा उठले, दोन पावलं चालले आणि खुर्च्यांच्या मधोमध आडवे झाले.

"फीट आली दादाला," तात्यांनी निकाल दिला. कारण आबा मधूनच आचके देत होते. ते आचके म्हणजे श्वास नव्हे. रक्त न पोचलेल्या मेंदूची ती शेवटची धडपड असते, डॉक्टरी भाषेत ॲगोनल ब्रीदिंग. पण तात्यांना कोण सांगणार? एकानं पायातली चप्पल काढून आबांच्या नाकाला लावली. दुसरा आचाऱ्याकडून फोडलेला कांदा घेऊन आला. तिसरा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायला निघाला होता. आणि माईकवाला सांगत होता, "मंडळी, आबासाहेबांना जरा चक्कर आलेली आहे. गर्दी करू नये. पंगत चालू राहील."

पंगत खरंच चालू राहिली.

मी बीएस्सी आहे. माहेरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि त्याचा मला अभिमान आहे. वाळूजच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. तिथं आम्हाला रबरी पुतळ्यावर सीपीआर शिकवला होता, म्हणजे थांबलेल्या हृदयाचं काम बाहेरून छाती दाबून करणं. बऱ्याच जणांनी त्या पुतळ्यासोबत सेल्फी काढले. मी शिकले.

आबांना हलवलं, हाक मारली. काही नाही. नवऱ्याला म्हटलं, "१०८ लाव आणि फोन स्पीकरवर ठेव." गुडघ्यावर बसले आणि आबांच्या शर्टाची बटणं सोडायला लागले.

आता आमचं घर समजून घ्या. सून सासऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत नाही, समोर ठेवते. अशा घरातली सून भरल्या कार्यालयात सासऱ्याची बटणं सोडत होती.

"ए सूनबाई, काय करायलीस?" तात्या फेटा सावरत पुढं आले. "सासऱ्याच्या अंगाला हात लावतीस, लाज वाटंना का?"

"नाय वाटत. सरका."

"पाव्हणे बघायलेत."

"बघू द्या. शिकतील तरी."

छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा, कोपर ताठ. दोन इंच तरी खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हळुवार हात फिरवून काही होत नाही. थकले की नवरा, तो थकला की मी. पदर कधी पडला ते मला माहीत नाही. तात्यांना मात्र माहीत होतं, त्यांनी दोनदा सांगितलं.

हाताखाली काहीतरी कडकन वाजलं. मी थांबले नाही.

कार्यालयात डीजे होता, ड्रोन होता, नवरा-नवरीच्या पायाशी धूर सोडायचं यंत्रही होतं. डिफिब्रिलेटर नव्हता. तो ॲम्ब्युलन्समधून आला. अरेस्टमध्ये हृदय पुष्कळदा नुसतंच थरथरत असतं, रक्त ढकलत नाही. हे यंत्र ती थरथर ओळखतं आणि विजेचा झटका देऊन थांबवतं, म्हणजे हृदयाला पुन्हा लय धरता येते. छातीला दोन पट्ट्या चिकटवायच्या, पुढं काय करायचं ते यंत्रच बोलून सांगतं. झटक्याच्या वेळी रोग्याला कुणी शिवायचं नाही. तात्या आबांचे तळवे चोळत बसले होते.

"काका, हात काढा, तुम्हालाही बसेल," ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर म्हणाले.

तात्या पार स्टेजपर्यंत गेले. शास्त्राला एवढा मान त्यांनी पहिल्यांदाच दिला असेल.

झटक्यानंतर पुन्हा छाती दाबली, आणि नाडी लागली.

दवाखान्यात अँजिओग्राफी झाली, म्हणजे हृदयाच्या नळ्यांचा फोटो. बुजलेल्या नळीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवली. पण मेंदूला वेळेवर रक्त पोचलं होतं का, माणसं ओळखतील का, ते जागे झाल्याशिवाय कळणार नव्हतं. त्या वाट बघण्यात बाकड्यावर एकच चर्चा. एक्स-रेत दोन बरगड्या तडकलेल्या दिसल्या होत्या. "शिकलेल्या सुनेनं बरगड्या मोडल्या." शहाळी घेऊन आलेला प्रत्येक जण हे ऐकून, मान हलवून जायचा.

डॉक्टरांच्या कानावर ते गेलं. "बरगड्या जुळतात," ते म्हणाले. "ह्यांनी दाबलं नसतं तर मला एक्स-रे काढायची गरजच पडली नसती." बाकड्यावर खोकल्याची साथ आली.

आबा जागे झाले तेव्हा तात्या आणि मी आत होतो. आबांनी छातीला हात लावला. "मला कुणी मारलं का रं?"

"तुझ्या सुनेनं," तात्यांनी लगेच सांगितलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. ओळख पूर्ण होती. "मग हरकत नाय. घरचंच माणूस हाय."

मी बाहेर जाऊन रडले. ते बाकड्यावरच्यांना दिसू दिलं नाही.

आबा घरी आले. भेटायला येणाऱ्यांना तात्या सांगायला लागले, कांदा वेळेवर लावला म्हणून दादा परतला. आबांनी दोन-तीन दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तात्या, मला काय आठवत नाय. पण दुखतंय ते छातीत. नाक ठणठणीत हाय."

त्याच रविवारी आबांनी बैठकीत सगळ्यांना बोलावलं आणि मला शिकवायला लावलं. पुतळा नव्हता, लोड घेतला. कारखान्यात मला हे शिकवणाऱ्यांचे उपकार मी असेच फेडू शकते. तुमच्याही घरात एखादे तात्या असतील. त्यांची परवानगी मागत बसू नका, आधी शिकून घ्या.

पुरुष भिंतीला टेकून बसले. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, पदर खोचला आणि लोडापुढं गुडघे टेकले. "ह्यांचा देह मोठा हाय. जोर किती लावू?"

तात्या गुरगुरले, "मला चारचौघांत हात लावायचा नाय."

"मेल्यावर चारचौघंच लावत्यात," काकू म्हणाल्या. "मी आधी लावीन." आणि मोठ्यानं मोजत दाबायला लागल्या.