एक पाऊल मागे उभी असलेली

विमानतळावर आईने मला मिठी मारली नाही. निलगिरीच्या तेलात भिजवलेला रुमाल तिने माझ्या मुठीत कोंबला, तेलाची मोठी बाटली हातातल्या पिशवीत सरकवली आणि माझ्या खांद्यावरून बाबांना विचारलं, "तिथे ही एकटी नसेल ना? नक्की विचारलंत ना तुम्ही?" हा प्रश्न बाबांनी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकला होता की ते नुसती मान हलवत राहिले. बाटली सिक्युरिटीवाल्यांनी काढून घेतली. रुमालाचा वास आखाती देशांवरून उडेपर्यंत टिकला.

आम्ही पिंपरीचे, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. आई हॉस्पिटलात नर्स. माझ्या कॉलेजच्या दिवसांत बाबा आणि मी मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथात गेलो, आई आली नाही. "माझं देऊळ मी बदलणार नाही," असं आपल्या जुन्या चर्चबद्दल तिने एकदाच सांगितलं आणि त्यावर पुन्हा वाद घातला नाही. दर रविवारी आम्ही तिघं एकाच रिक्षातून निघायचो आणि दोन ठिकाणी उतरायचो.

मॉर्मन मुलामुलींनी ऐन उमेदीत घर सोडून, पगाराशिवाय, परक्या मुलखात धर्मप्रचाराला जायचं असतं. कुठे जायचं ते आपल्या हातात नसतं. माझ्या वाट्याला नेदरलँड्स आलं. आईला आमचा पंथ पटला नव्हता आणि तो देश नकाशावर सापडला नव्हता, पण आमचा एक नियम तिला मनापासून आवडला. मिशनरी कधीच एकटा नसतो. कायम जोडी. जोडीदार नजरेआड जाता कामा नये, तिचा आवाज ऐकू आला पाहिजे. "हे एक बरं केलंय तुमच्या लोकांनी," आई म्हणाली, "मग जा."

तुमच्यापैकी जे पुण्याहून इकडे नेदरलँड्सला नोकरीला आले, त्यांना सामान लावायला निदान एखादा ओळखीचा मराठी माणूस भेटला असेल. मला जोडीदार मिळाली सिस्टर हॅन्सन; आमच्यात मिशनरी मुलीला सिस्टर म्हणतात. अमेरिकेची, दारापेक्षा जेमतेम दोन बोटं कमी उंच, आणि झोपेतसुद्धा हसरी. आम्ही टिलबर्गमध्ये एका सायकलच्या दुकानाच्या वर राहायचो. एकमेकींना पहिल्या नावाने हाक मारायची नाही, असाही नियम. ती मला "सिस्टर साळवे" म्हणायची, साळवेतल्या 'ळ'चे हाल करत. दारावर जाण्याची आमची पद्धत ठरलेली होती. एकीने बेल वाजवायची, दुसरीने तिच्या डाव्या खांद्यामागे एक पाऊल सोडून उभं राहायचं. पुढच्या दाराला अदलाबदल. डच माणसं सरळ. "नको" म्हणायची आणि दार लावायची. पावसात भिजून दिवसाला पन्नास वेळा "नको" ऐकलं की माणूस एकतर रडतो नाहीतर विनोदी होतो. आम्ही आळीपाळीने दोन्ही केलं.

समोरच्या घरातल्या मेफ्राऊ डेकर, म्हणजे डेकरबाई, यांनी मात्र आम्हाला आत घेतलं. वय ऐंशीच्या पुढे, कॅथलिक, जिभेला धार. "जन्मले कॅथलिक, मरेन कॅथलिक. पण बिस्किटं आणत असाल तर या." इथल्या घरांना रस्त्याकडे भल्यामोठ्या खिडक्या असतात आणि पडदे कुणी ओढत नाही. त्या खिडकीत खुर्ची टाकून त्या दिवसभर बसायच्या. त्यांच्या दाराच्या टपालाच्या फटीतून एक दोरी बाहेर लोंबत असायची. ओढली की दार उघडायचं. जुन्या काळी इथे सगळ्यांच्याच दाराला अशी दोरी असायची म्हणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बेल वाजवायला लागू नये म्हणून. आता गल्लीत ती एकच उरली होती.

मग कार्निव्हल झाला, आमचा सगळा ब्राबांट प्रांत रंगीत कपडे घालून रस्त्यावर नाचला, आणि नंतर लोक आजारी पडायला लागले. मार्चमध्ये अमेरिकन मुलामुलींना घरी पाठवायचं ठरलं. सिस्टर हॅन्सनने एका सकाळी बॅग भरली. माझंही तिकीट होणार होतं, तेवढ्यात भारताने विमानं बंद केली. माझ्यासोबत राहायला अ‍ॅमस्टेलव्हीनहून दुसरी सिस्टर निघणार होती, तिलाच ताप आला. मिशनच्या प्रमुखांच्या पत्नी रोज दोनदा फोन करून बिचाऱ्या धीर द्यायच्या. पण फोन ठेवला की खोलीत मी एकटीच असायचे. आयुष्यात पहिल्यांदा.

जोडीने राहायची सवय लागलेल्या माणसाला एकटं राहता येत नाही, हे तेव्हा कळलं. बाथरूमला जाताना मी सांगून जायचे. ताटं दोन काढायचे, मग एक परत ठेवायचे. पुढेपुढे परत ठेवणं सोडून दिलं, कारण ठेवताना होणारा आवाज सहन होईना. दिवे लागायच्या वेळी खिडकीच्या काचेत माझी खोली उमटायची. त्यात मी दिसायचे, आणि माझ्या डाव्या खांद्यामागची जागा रिकामी दिसायची. ती जागा नुसती रिकामी वाटत नसे. कुणीतरी उठून गेल्यावर गादी दबलेली राहते ना, तशी ती वाटायची.

रस्त्यावर माणूस नव्हतं. गटाराच्या कडेला कार्निव्हलच्या कागदी टिकल्या अजून चिकटून होत्या. मुलांना फिरताना मोजायला गंमत म्हणून लोकांनी खिडक्यांत टेडी अस्वलं बसवली होती. मुलं फारशी फिरकत नव्हती. अस्वलं मात्र घराघरांतून रस्त्याकडे टक लावून बसलेली. सामान आणायला जाताना मी खाली मान घालून चालायचे. मेफ्राऊ डेकर यांच्या खिडकीत अस्वल नव्हतं. "मी बसलेय ती पुरे नाही का?" त्या काचेआडून ओरडल्या होत्या. रोज सकाळी मी वरून हात हलवायचे, त्या खालून. त्या एकदा हात हलवायच्या, थोडं थांबायच्या, आणि पुन्हा एकदा हलवायच्या. मला वाटायचं, दुसरा हात सिस्टर हॅन्सनच्या आठवणीसाठी असेल.

आईचा व्हिडिओ कॉल सोमवारी यायचा. मी एकटी आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. ती कोविड वॉर्डात होती, चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन घरी यायची. त्यात तिला आणखी कुठे घोर लावायचा? सिस्टर हॅन्सनबद्दल विचारलं तर विषय बदलायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण आईने विचारलं, "ती जेवली का?" आणि माझ्या तोंडून "हो" गेलं. पुढच्या सोमवारी आई बोलता बोलता थांबली, स्क्रीनमध्ये डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "ती मागून गेली बघ आत्ता. तिला माझा जय ख्रिस्त सांग."

मागे वळायची हिंमत झाली नाही. "सांगते," म्हणाले. कॉल संपल्यावर भिंतीला पाठ लावून बराच वेळ बसून राहिले.

एप्रिलमधल्या एका सकाळी समोरचे पडदे ओढलेले होते.

पुण्यात बंद पडदा बघून कुणाला काही वाटलं नसतं. त्या गल्लीत पडदे कुणी ओढतच नव्हतं. मी हात हलवला, वाट पाहिली. मग जिना उतरून रस्ता ओलांडला. बेल वाजवली. आतून काही नाही. दोरी तेवढी लोंबत होती. मिशनरीने कुणाच्याही घरात एकटीने पाऊल टाकायचं नसतं, आणि आजारी माणसाजवळ जायचं नाही हा तर तेव्हा सगळ्या जगाचा नियम होता. मला ताप आला तर मला कोण बघणार होतं? आईपर्यंत पोचायला विमान नव्हतं. मी दारात नुसती उभी राहिले. खरं सांगते, परत फिरावंसं वाटलं. मग सवयीने उजवीकडे सरकून डाव्या खांद्यामागे जागा केली आणि मोठ्याने म्हणाले, "चल, सिस्टर." दोरी ओढली.

मेफ्राऊ डेकर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. अंग तापलेलं, हात मात्र गार, श्वास वरवर चाललेला. मी पडदे उघडले, अंगावर पांघरूण घातलं, अँब्युलन्ससाठी फोन लावला. पलीकडच्या बाईने सांगितलं, "दारात जाऊन उभे राहा, अँब्युलन्सला घर सापडायला हवं." त्यांना तसं एकटं सोडून मला बाहेर यावं लागलं. दारात उभी असताना आतून पुटपुटण्याचा आवाज येत होता. तापात बरळतायत, असं मी मनाशी म्हणाले. तो आवाज त्यांचाच आहे का, हे आत जाऊन बघितलं नाही.

त्या वाचल्या. मला काही झालं नाही. नवी सिस्टर आली, पुन्हा दुसरं ताट वापरात आलं. उन्हाळ्यात मेफ्राऊ घरी परतल्या आणि आम्हा दोघींना त्यांनी मागच्या बागेत बोलावलं, दीड मीटर अंतर ठेवून. नव्या सिस्टरकडे बघून त्या म्हणाल्या, "ही नव्हे. त्या दिवशी तुझ्या मागून जी आत आली, ती कुठे आहे?"

मी सांगितलं, उंच मुलगी मार्चमध्येच गेली.

"उंच नव्हती. बुटकी. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घातलेलं, तोंड दिसत नव्हतं."

"ती अँब्युलन्सची माणसं असतील."

"ते नंतर आले," त्या चिडल्या. "तू दारात गेलीस तेव्हा ही माझा हात धरून बसली. रागावल्यासारखी बोलत होती, तू खिडकीत बसून फोनवर बोलतेस त्या भाषेत. पण हात सोडला नाही. महिनाभर मला कॉफीचा वास येत नव्हता, पण तिच्या अंगाला निलगिरीचा वास होता, तो आला." मग आम्ही निघताना त्या नेहमीसारखं म्हणाल्या, ब्राबांटच्या लोकांचं ते "हौदू", म्हणजे "अच्छा". एकदा माझ्याकडे बघून, आणि एकदा माझ्या डाव्या खांद्याकडे, जिथे कुणी नव्हतं.

पुढे विमानं सुरू झाली, मी घरी गेले, आणि दोन वर्षांत शिकायला म्हणून पुन्हा इथेच आले. आता आइंडहोवनला नोकरी करते. दारोदार फिरणं कधीच संपलं. रविवारी चर्चला जाते, कधी जातही नाही. एक सवय तेवढी राहिली. घरात शिरले की दार लगेच लावत नाही, क्षणभर धरून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात आई आली तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. "दार लाव की! अख्खं गाव गरम करायचंय का तुला?" मग मी तिला त्या सवयीचं सांगितलं. एकटी होते, हेही तेव्हाच सांगितलं.

"ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," आई भाजी निवडत म्हणाली. "तुझ्या मागे कपडे वाळत घातलेले दिसायचे ना. एकीचेच होते."

"मग ती मागून गेली म्हणालीस ते?"

"थाप मारली. तुला एकटं वाटू नये म्हणून. तुला सांगायचं नव्हतं, मग मी तरी कशाला विचारू?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं ज्या वाक्याने माझ्या अंगावर काटा यायचा, ती आईची थाप होती. मग मी मेफ्राऊंचं सांगितलं. पांढरे कपडे, रागावणं, हात, निलगिरी. आईचे हात भाजीवरच थांबले. वॉर्डात ती नखशिखांत पांढऱ्या किटात असायची आणि मास्कच्या आत निलगिरीचा थेंब लावायची, हे ती बोलली नाही, मीही बोलले नाही. आम्हा दोघींना ते माहीत होतं.

"असेल," शेवटी ती म्हणाली. "त्या महिन्यांत मी किती जणांचे हात धरले. डोळ्यांवर चष्मा, त्यावर वाफ. कुणाचा हात कुणाचा, मला तरी कुठे दिसत होतं?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "एक हात फार गार होता. आणि कुणीतरी मला काहीतरी म्हणालं, ते मराठी नव्हतं." आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

घर कुठलं, असं इथले लोक विचारतात, तिथलेही विचारतात. पूर्वी मी पिंपरी म्हणायचे, मग नुसतं हसायचे. आता मला वाटतं, आपण दार ओढून आत शिरताना ज्याच्यासाठी ते धरून ठेवतो, ते आपलं घर. ते माणूस नजरेला पडलंच पाहिजे असं नाही.

आई परत गेली. सोमवारी तिचा कॉल येतो. पाऊस, बाबांचा गुडघा, भाजीचे भाव, सगळं झालं की ती फोन ठेवायच्या आधी विचारते, "ती जेवली का?"

मी मागे वळून बघत नाही. "हो," म्हणते, "जेवली."