आमचे पन्नास गोरे

आमच्या घरात एक नियम होता. मुलींनी विडी-सिगारेटच्या दुकानासमोर थांबायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही. मी विचारलं. काका म्हणाले, "नियम आहे म्हणून!"

पंचाईत अशी, की आम्हाला हवे असलेले क्रिकेटवाले नेमके तिथेच राहायचे, सिगारेटच्या पाकिटात. एका पाकिटात एक रंगीत चित्र, आणि पन्नास चित्रांचा सेट. तो पुरा करायच्या वेडापायी रत्नागिरीत आम्ही चौघापाचांनी इतके उपद्व्याप केले, की चित्रं पन्नास व्हायच्या आधी किस्सेच पन्नास झाले!

* * *

दुकानासमोर थांबायला बंदी; पण रस्त्यापलीकडे मारुतीचं देऊळ होतं, तिथे बंदी नव्हती. पुण्याहून मी सुट्टीला आले, की मैत्रीण शालू आणि मी रोज संध्याकाळी प्रदक्षिणा घालायचो. कुणी पाकीट घेतलं, की अर्धी प्रदक्षिणा टाकून शालू धावलीच. "चित्र नको असेल तर द्या ना!"

आमच्या आत्याने आळीभर सांगितलं, "कॉलेजात जाऊन पोरगी बिघडेल म्हणत होतात ना? बघा आता! शनिवारी तर दुप्पट प्रदक्षिणा घालते!"

शनिवारी दुकानात गिऱ्हाईक दुप्पट असायचं.

* * *

आमच्या कंपूत एक ड्रिलचे मास्तरही होते. शाळेत चित्रं आणणं हा गुन्हा, आणि आणलेली जप्त करणारे मास्तर हेच!

एकदा त्यांनी एका पोराची मूठ उघडायला लावली. आत एक डावखुरा बोलर. मास्तरांनी चित्र उलटसुलट केलं, उजेडात धरलं आणि पोराला परत दिलं.

"हा आहे माझ्याकडे. चल, अभ्यासाला लाग!"

* * *

एका गणपतीत मी घरी पोचायच्या आत आत्याने मखर सजवलं होतं. जिलेटिनचा कागद संपला, म्हणून मी घरीच ठेवलेल्या ट्रंकेतली चित्रं काढून खळीने चिकटवली. एकूण एक!

काका कट्टर स्वदेशी. विलायती टाचणीसुद्धा घरात चालायची नाही. तेच काका इंग्लंडच्या अख्ख्या टीमपुढे डोळे मिटून आरती म्हणत होते!

दर्शनाला आलेल्या एकाने विचारलं, "हे पांढऱ्या कपड्यातले कोण हो?"

काकांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं.

"शंकराचे गण असतील. सोवळ्यात दिसतायत."

विसर्जनानंतर मी एकेक चित्र मोदकपात्राच्या वाफेवर धरून सोडवलं. एका अंपायरच्या पोटाला अजून हळदीच्या पानाचा वास येतो.

* * *

सगळे मिळाले, एक सोडून. विकेटकीपर! मी घामाघूम झाले, पण तो काही रत्नागिरीत उतरेना.

शेवटी बोटीवर खलाशी असलेल्या हसनचाचांना साकडं घातलं. चाचांना आयुष्यात सिगारेट ठाऊक नव्हती. पण शब्द दिला म्हणून परदेशच्या प्रत्येक बंदरात पाकिटं घेत सुटले, आणि विकत घेतलेलं फुकट जाऊ नये म्हणून ओढत सुटले.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने ते घरी आले. मी भेटायला गेले, तर चाचींनी मला दारातच गाठलं. "तुझ्या खेळाडूंनी माझ्या नवऱ्याला खोकला लावलान!"

चाचांनी टोपीतून विकेटकीपर काढला. मी नाचायचीच बाकी राहिले. म्हटलं, "चाचा, आता सिगारेट सोडा हां."

"सोडणारच होतो गे पोरी," चाचा खोकत म्हणाले, "पण आता फुटबॉलवाल्यांचा सेट निघालाय!"

* * *

यंदा मी बी.ए. झाले आणि पालीचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा मुंबईत नोकरीला. त्याने ना माझं नाव विचारलं, ना शिक्षण. फळीवरचा माझा आल्बम दिसताच तो उठला, मांडीवर घेऊन पानं उलटू लागला आणि विकेटकीपरपाशी थबकला.

"बाबा, हाच तो! माझ्याकडे एवढा एकच नाही!"

बापलेकांची कुजबुज झाली. मग त्याचे वडील काकांना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. हुंडाबिंडा काही नको. हा सेट तेवढा आत्ताच मुलाच्या हाती द्या, झालं."

ते शंकराचे गण नव्हेत हे कळल्यापासून कालपर्यंत त्या गोऱ्यांना चुलीत घालायला निघालेले काका खुलले. आत्याने डोळ्यांना पदर लावला.

"एवढंच ना?" काका म्हणाले. "दिला!"

मी मुलाच्या मांडीवरून आल्बम उचलला.

"काका, मला देताना मला विचारलं नाहीत. निदान सेट तरी विचारून द्यायचात."

"बरं बाई, विचारतो," काका पाहुण्यांकडे बघून हसले. "देशील ना?"

"नाही. सेटही नाही आणि मीही नाही."

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी दडप्या पोह्यांकडे पाहिलं.