ताटकळलेला इशारा

माझ्यासारख्याने लिहावं का, ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण सोल्डरचा वास आला की परभणीच्या कॉलेजातली ती सकाळ आठवते. पूर्णेच्या जिनिंगमध्ये बाबा ज्या यंत्रात हाताने कापूस सारायचे, त्याला कॉलेजातल्या सरांनी आणि मी थांबवायचं बटन बसवलं होतं. कॉलेजात तसंच दुसरं सर्किट तपासताना दिसलं, की कापसाचं वजन छापून होईपर्यंत प्रोग्राम बटनाचा इशारा ताटकळत ठेवतो. म्हणजे बटन दाबलं तरी यंत्र चालूच; तेवढ्यात बाबांचा हात आत जाईल. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे गाड्या नव्हत्या. मी रुळांच्या कडेने पळत सुटलो. पिंगळीजवळ पूर्णेहून पायी येणारा शेजारी भेटला. "कुठं पळायलास? जिनिंगबी बंदच हाय. तुझा बाप मोर्च्यात पुढं हाय, घोषणा देऊन लय घसा बसलाय त्याचा."