नवऱ्याच्या नावाचं जेवण

पितृपक्ष लागला की आमच्या घरात रोज सण असतो. आज वडे-कढी, उद्या खीर-पुरी, परवा पुन्हा वडे. कावळ्यांचा आणि आमचा सीझन एकच, असं मी म्हणते. आमची सिस्टर, म्हणजे हे घर सांभाळणारी मिशनची नन, छत्तीसगडातल्या जशपूरकडची आहे. तिला मराठी अर्धंमुर्धंच कळतं, पण ती हसते. हसून झालं की पोटाच्या गोळ्यांचा डबा हाताशी काढून ठेवते.

हे घर गोंदियाच्या बाहेर, राईस मिलांच्या मागं आहे. मिशनचे लोक ते चालवतात. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर संध्याकाळपर्यंत कोंड्याचा थर बसतो, तो झटकूनच घडी घालायची. लोक याला अनाथाश्रम म्हणतात. अनाथाश्रम लेकरांचा असतो. इथं सगळी मोठी माणसं आहेत. कोणाचं डोकं फिरलेलं, कोणाला म्हातारपणी घराबाहेर काढलेलं, कोणी रेल्वेनं आलेलं. गोंदिया जंक्शन आहे, त्यामुळे नकोशी माणसं गाडीत बसवून देणाऱ्यांची मोठी सोय होते. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई अशीच आली. आपलं गाव सांगता येत नाही तिला, छत्तीसगढी तेवढी बोलते. आम्ही तिला रेलवाली म्हणतो आणि ती 'ओ' देते.

मी मात्र रेल्वेनं आले नाही. मी ऑटोनं आले, आणि स्वतःच्या पायानं आत शिरले, एक पाय ओढत का होईना. ही फुशारकी मी अजून सोडलेली नाही.

मला लकवा मारला तेव्हा मी कामठ्याकडच्या आमच्या गावात, सासरच्या घरी, धाकटा दीर आणि जाऊ यांच्याबरोबर राहत होते. नवरा आधीच गेला होता, मूलबाळ झालं नाही. अंगणवाडीची सेविका म्हणून गावच्या दोन पिढ्यांना नाक पुसायला शिकवलं आणि एका सकाळी माझं मलाच नाक पुसता येईना. उजवी बाजू गेली. सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जावेनंच सगळं केलं. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भरवणं. ती वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ताट ठेवायच्या आवाजावरून बाईमाणसाला सगळं कळतं. सुरुवातीला ताट हळू ठेवलं जायचं, मग जरा वाजायला लागलं, मग वाजूनच यायला लागलं.

म्हणून मीच म्हटलं, माहेरी जाते. माहेर बालाघाटकडं. तिथं भाऊ राहिला नाही, भाचा रायपूरला, घराला कुलूप. हे जावेला ठाऊक होतं, दिराला ठाऊक होतं. कोणी काही विचारलं नाही. दिरानं मला गोंदियाच्या बस स्टँडवर आणून बाकावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि विचारलं, "पुढं जाशान न वहिनी?" मी म्हटलं, "जाईन." तो गेला. मागं वळून पाहील असं वाटलं होतं, पण त्याला शेताकडं घाई होती. मग मी ऑटोवाल्याला दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलेला पत्ता सांगितला.

इथं कोणी मला प्रार्थनेला बस म्हणून ओढलं नाही. संध्याकाळी पेटी वाजते, ज्याला बसायचं तो बसतो. मी मागं बसते, कारण तिथं पंखा आहे. माझ्या खाटेच्या उशाशी देवीचा फोटो आहे, सिस्टर झाडताना तो उचलून पुसून पुन्हा ठेवते. तरी बाहेर कोणी विचारलं तर मी कुठं राहते हे माझ्या तोंडातून निघत नाही. बँकेत अंगठा द्यायला गेले होते तेव्हा ओळखीची एक बाई भेटली. भाच्याकडं आले आहे, म्हटलं. सिस्टर शेजारीच उभी होती, माझा हात धरून. तिनं ऐकलं आणि पायऱ्या उतरताना माझा हात आणखी घट्ट धरला. तेव्हा मला जी लाज वाटली ती वेगळी. एक लाज इथं राहण्याची, दुसरी इथं राहून लपवण्याची. दोन्ही एकाच पोटात मावतात.

आमच्याकडं बाहेरचे लोक जेवण घेऊन येतात. वाढदिवसाला केक, लग्नाच्या वाढदिवसाला पुलाव, पितृपक्षात वडे. घराचा एक रिवाज आहे. ज्यानं जेवण आणलं त्यानं आपल्या हातानं वाढायचं, आणि वाढण्याआधी कोणाच्या नावानं आणलं ते सांगायचं. मग सिस्टर हिंदीत दोन ओळींची प्रार्थना म्हणते आणि आम्ही जेवतो. ताप असेल तोच खोलीत, बाकी सगळे पंगतीला.

माझ्या नवऱ्याची तिथ अष्टमीची. त्या दिवशी मी दरवर्षी ताटातला एक घास वेगळा काढते आणि कावळ्यासाठी मागच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवते. कोणाला सांगत नाही. त्या सकाळी मी स्वयंपाकघराकडं चक्कर मारली, आज काय आलं पाहावं म्हणून. ओट्यावर मोठा पितळी गंज होता, कढीनं भरलेला. त्याच्या काठावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. माझ्या लग्नात आंदण दिलेला गंज.

"सिस्टर, ये खाना किसका आया?"

"कामठा तरफ का परिवार है. बडे भाई का श्राद्ध है, बोले."

म्हणजे माझा दीर, माझ्याच नवऱ्याचं श्राद्ध घेऊन. गावात आता गच्चीवर कावळे येत नाहीत, मग शहाण्या लोकांनी ही रीत काढली आहे की गरिबांना जेवू घालायचं. पुतण्यानं, दिराच्या पोरानं, सुचवलं असणार, तो शिकलेला आहे. त्यानं मोबाइलवर पाहिलं असेल, जवळ कुठली संस्था आहे. इतक्या जागांमधून त्याला हीच सापडली.

ताप आहे म्हणून सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? खोलीत पडून राहिले असते, ते वाढून निघून गेले असते. मी खोलीपर्यंत गेलेही. खाटेवर बसले. आणि खरं सांगते, उठले ती नवऱ्याच्या घासासाठी नाही उठले. माझ्या मनात आलं, त्यांनी मला पाहिलं तर? पाहिलं तर म्हणतील, अहो बाई, तुम्ही इथं, चला घरी. एवढंच मनात आलं. या वयात, या तोंडानं, मला कोणी चला म्हणावं म्हणून मी केस विंचरायला लागले. एका हातानं विंचरले, वेणी रेलवालीनं घातली.

पंगतीत मात्र हिंमत गेली. पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढला आणि रेलवालीच्या आडोशाला बसले. पत्रावळी मांडल्या गेल्या. समोर माझा दीर पांढरा सदरा घालून उभा. पोट सुटलंय त्याचं. पुतण्या मोबाइल धरून. जावेनं नवं लुगडं नेसलं होतं, हिरवं, ते तिला शोभत नाही, हे मी तिला कितीदा सांगितलंय.

सिस्टर म्हणाली, "किसके नाम से है, बताइए."

दिरानं हात जोडले. भावाचं नाव घेतलं. घसा साफ केला. "मोठा भाऊ होता. मागं कोणी नाही त्याच्या. म्हणून आमीच करतो."

मागं कोणी नाही. मी पत्रावळीकडं पाहत राहिले. त्याचंही काय चुकलं म्हणा, मूल नसलं की लोक असंच म्हणतात, बायकोला कोणी मोजत नाही. पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पंचवीस माणसांत बसून मी नव्हतेच. सिस्टरनं डोळे मिटून त्या गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी प्रार्थना केली. घरच्यांसाठी म्हणताना तिला काय ठाऊक, त्यातली एक इथंच पत्रावळीवर बसली आहे.

वाढणं सुरू झालं. दीर भाताकडं, जाऊ वड्यांची परात घेऊन. उडदाचे वडे, मधे भोक पाडलेले. तिचा हात चांगला आहे, वडे तिचेच, हे वासावरून कळत होतं. ती रांगेनं येत होती, प्रत्येकाला "घ्या न जी" म्हणत. माझ्यापुढं आली, दोन वडे ठेवले. मी डाव्या हातानं एक उचलला.

"मावशी, उजव्या हातानं खा न जी," ती म्हणाली, गोड आवाजात. "पितराचं जेवन आहे."

मी थांबले. तोंड उघडलं तर आवाज ओळखेल. काही न सांगता डाव्यानंच खाल्लं तर पितराचा अपमान. मी वडा खाली ठेवला, नुसती बसून राहिले. तिला वाटलं असेल बहिरी आहे. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि रांगेतली माणसं बघायला लागली.

तेव्हा रेलवाली, जी आठवड्यात एखादं वाक्य बोलते, ती बोलली. "ओकर हाथ नइ चलय."

आणि तिनं माझा उजवा हात मांडीवरून उचलून जावेला दाखवला, वाळलेल्या दोडक्यासारखा. जाऊ वाकली. हाताकडं पाहिलं. त्याच हाताला तिनं कितीतरी दिवस तेल चोळलं होतं. मग तिनं पदराच्या खालून माझ्या तोंडाकडं पाहिलं.

तिनं परात जमिनीवर टेकवली. ती तिथंच उकिडवी बसली, माझ्या पत्रावळीपलीकडं.

"बाई," ती म्हणाली. मावशीची बाई झाले मी. "बाई, तुमी अठी?"

"हो."

"माहेरी जातो म्हनल्या होत्या न?"

तिचे डोळे भरून आले, खरोखर भरून आले. तिच्या नाकावर घाम होता. मी पदर मागं सारला. आता म्हणेल, असं मला वाटलं. पत्रावळ बाजूला करा, उठा म्हणेल. माझी पिशवी खाटेखाली कुठल्या बाजूला आहे हेही मला आठवलं, एवढी मी तयार होते.

तिकडं दीर भाताची बादली घेऊन आमच्या रांगेत वळला होता. त्यानं बायकोला बसलेलं पाहिलं, मग मला पाहिलं. त्याचा पळा बादलीतच राहिला. मग तो वळला आणि समोरच्या रांगेला पुन्हा भात वाढायला लागला. ज्यांच्या पत्रावळीवर आधीच भाताचा ढीग होता त्यांनाही.

पुतण्या मोबाइल धरून फोटो काढत काढत जवळ येत होता. जाऊ उठून नीट माझ्यापुढं उभी राहिली. हिरवं लुगडं माझ्या तोंडासमोर भिंतीसारखं. तो पुढं गेला तशी ती पुन्हा बसली.

"बाई, पोराचं जमून राहिलं," ती हळूच म्हणाली. "आमगावचे लोक आहेत. चांगलं घर आहे. ते तुमची विचारपूस करून राहिले होते. मी सांगतलं, मोठी माहेरी आहे, मजेत आहे." तिनं इकडं तिकडं पाहिलं, भिंतीवरच्या क्रूसाकडंही. "मिशनमंदी आहे म्हनून समजलं तर... तुमाले तर मालूम आहे लोक काय काय बोलतेत. बाटली म्हनतीन. लगन मोडन."

"मी बाटले नाही," मी म्हटलं. एवढंच सुचलं मला. आणि हे म्हणताना सिस्टर दारात उभी होती, सगळ्यांना पाणी मिळालं का ते बघत.

"मी म्हनतो का तसं? मले मालूम आहे. पन लोकाइले कोन सांगन?" तिनं माझा डावा हात धरला. तिचा हात तेलकट, गरम होता. "बाई, लगन होईपर्यंत तरी. कोनाले सांगू नोका. सांगान का?"

त्या हाताला मी ओळखत होते. त्याच हातानं मला भरवलं होतं. मला रागही येईना. राग यायला आधी काहीतरी आपलं असावं लागतं, आणि मी तर वेणी घालून, पिशवीची जागा आठवत बसलेली बाई होते. तिला ते कळलं नसेल अशी आशा आहे. कळलं असेल तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

"नाही सांगत," मी म्हटलं.

तिनं हुश्श केलं. अगदी ऐकू येईल असं. डोळे पदरानं पुसले, परात पुन्हा कमरेवर घेतली आणि माझ्या पत्रावळीवर आणखी दोन वडे ठेवले, मोठे बघून.

मी ते खाल्ले. डाव्या हातानं, सगळ्यांसमोर. भिंतीवर ठेवायला घास काढायचा राहिला. ती पुढच्या माणसापर्यंत पोचली नव्हती तोवर मी तिला सांगितलं, वडे चांगले झालेत.