तेरवीला गेलेल्या पत्रावळ्या

"हे मॅडम सोताच्या मनचं काईच नाई बोलत का वो?"

माझ्या पाठीमागे कुणीतरी हळूच विचारलं. दुसरीनं तितक्याच हळू उत्तर दिलं, "मशीन हाये थे. इकून इंग्रजी टाकाची, तिकून मराठी निघते." मग दोघी तोंडावर ओढण्या धरून हसल्या.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या वेळी मी बाईंना इंग्रजीत समजावून सांगत होते की पळसाची पानं दाबण्याआधी थोडी ओली करावी लागतात, कोरडी पानं फाटतात. माझं वाक्य अर्ध्यावर होतं, ते मी पूर्ण केलं. बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. तो मी मुलींना विचारला. असं दिवसभर चालायचं.

बाई आयर्लंडहून आल्या होत्या. तिकडे एका शाळेत वाणिज्य शिकवून निवृत्त झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, उन्हानं नाक सोललेल्या. पाच महिने स्वखर्चानं इथे राहून नववी-दहावीच्या मुलांना एक छोटा उद्योग चालवायला मदत करायची, हे त्यांचं काम. मदत म्हणजे स्वतः काही करायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे, ठरवू द्यायचं मुलांना. सानगडीच्या पुढे एका गावात हायस्कूल होतं, आणि हायस्कूलच्या मागे एक जुनी खोली. तिथे मुलं पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या करत. बांबूच्या बारीक काड्यांनी पानं टाचायची, मग यंत्रात दाबून त्यांना ताटासारखा आकार द्यायचा. मुलं बाईंना गोऱ्या मॅडम म्हणत. मला नुसतं मॅडम.

मीही स्वयंसेवकच होते. पुण्यातली नोकरी सोडून भंडाऱ्याला घरी आले होते, आणि घरी बसून काय करशील, या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईंना पाठवणाऱ्या संस्थेनं मुलाखतीत विचारलं, मराठी चांगली आहे ना? मी हो म्हणाले. माझ्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड असे. घरी आईवडील आमच्याशी मुद्दाम शुद्ध बोलत, आम्हाला मले-तुले लागू नये म्हणून. परिणाम असा की पहिल्याच दिवशी एका मुलीनं अगदी आदरानं म्हटलं, "मॅडम, तुमी पुस्तकावानी बोलता जी." वर्ग हसला. बाईंनी विचारलं, का हसले? मी सांगितलं, त्यांना आपण आलो याचा आनंद झाला.

अशी खोटी भाषांतरं मी सुरुवातीला बरीच केली. हेडमास्तर बाईंबद्दल काही बोलले की मी त्याची धार बोथट करून सांगायची. बाई हेडमास्तरांबद्दल काही बोलल्या की तेही. दोन्हीकडची माणसं एकमेकांवर खूश राहिली आणि मी संध्याकाळी साकोलीच्या खोलीवर पोचले की माझ्याच आईचा फोन उचलायलाही नको वाटायचं. दुसऱ्यांची वाक्यं वाहून तोंड दमतं, हे मला आधी माहीत नव्हतं. जबडा खरंच दुखतो.

उद्योगाची प्रमुख दहावीतली एक मुलगी होती. मुलांनीच मतं देऊन तिला निवडलं होतं. उंच, आवाज मोठा, हिशेबापेक्षा भांडणात हुशार. खोलीची चाबी तिच्याकडे असे, शाळेच्या ओळखपत्राच्या दोरीतच ओवलेली. तिचे वडील गावात ट्रॅक्टर चालवत. ते तिला चारचौघांत मॅनेजर म्हणायचे. एकदा बसस्टॉपवर दोघं भेटले तर मला म्हणाले, "आमची मॅनेजर बराबर करते ना जी काम? मी म्हनलं तिले, गोऱ्या मॅडमचा, हेडमास्तराचा भरोसा हाये तुयावर, त जाय अकरावीले साकोलीले. नाई त माया भाऊ म्हणे, पोट्टीले बसनं कायले धाडतं."

मुलीनं खालच्या आवाजात सांगितलं, "बाबा, बस आली."

अकरावीला साकोलीला जाणं तिच्यासाठी एवढ्यावरच टेकलेलं होतं, की ती भरवशाची आहे असं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं. ते मला त्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

डिसेंबरात मुलांना पहिलं मोठं काम मिळालं. जंगलाच्या कडेच्या एका रिसॉर्टमध्ये शनिवारी कसलंसं संमेलन होतं, त्यांना तीनशे पत्रावळ्या हव्या होत्या. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांत थोड्याथोड्या विकल्या होत्या, पण तीनशे एकदम कधीच नाही. गुरुवारपर्यंत सगळ्या तयार झाल्या. त्या गुरुवारच्या दुपारीच मी मशीन ठरले.

त्याच गुरुवारी शाळा सुटल्यावर मी नळावर बाटली भरत होते. प्रमुख मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक सांगाचं होतं. तलावाकडच्या बुढ्याची तेरवी हाये उद्या. सगळ्यायनं ठरोलं, पतरावळ्या तठी द्याच्या."

"किती?"

"सगळ्याच लागतील जी. गावजेवण हाये."

"आणि रिसॉर्ट?"

"म्हून त तुमाले सांगून राहिली. गोऱ्या मॅडमले सांगून द्या. थ्या फोन करतील त्यायले. मंगळवारपर्यंत नव्या करून देतो आमी. चालन का, तेवढं इचारा. नसंन चालत त आज रात्रीच काईतरी पाहू."

मला कळायला थोडा वेळ लागला. तिथली रीत अशी की तेरवीच्या जेवणाला घरोघरून जे असेल ते जातं. कुणाकडून तांदूळ, कुणाकडून सरपण, कुणाकडून वांगी. त्या दिवशी गावात कुणी गावाला काही विकत नाही. ज्या घरी पत्रावळ्या असतील, ते घर पत्रावळ्या देतं. या खेपेला गावानं शाळेमागची ती खोलीही एक घर धरली होती. कुणी मागायला आलं नव्हतं. मुलांनी आपणहून ठरवलं होतं, आणि त्यांना त्यात ठरवण्यासारखं फारसं काही वाटलं नव्हतं. गाव थर्माकोलच्या ताटात जेवेल आणि आपल्या पत्रावळ्या जीपमधून रिसॉर्टला जातील, हे त्यांच्या डोक्यात बसणारच नव्हतं.

"सांगाल ना मॅडम?"

"सांगते," मी म्हणाले.

ती उड्या मारत गेली. खरंच, दहावीतली मुलगी, पण उड्या मारत.

बाईही साकोलीलाच राहत; परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. दिवसभरात विचारायचे राहिलेले सगळे प्रश्न त्या बसमध्ये विचारत. त्या दिवशी त्यांनी विचारलं की हेडमास्तर आल्यावर मुलं बोलता बोलता थांबतात, ते घाबरून की आदरानं? मग, शेतात ते ढीग कसले? मग, त्या मुली हसत होत्या ते कशावर? मी म्हणाले, असंच.

मला माहीत होतं, मी तेरवी हा शब्द काढला की काय होईल. तेराव्याच दिवशी का? जेवण का? मुलांना कुणी भाग पाडलं का? नाही म्हणता आलं असतं का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं, ते पूर्ण गावाच्या वतीनं द्यायचं, आणि बाईंच्या चेहऱ्यावर ते नीट पोचलं की नाही ते बघायचं. त्या वाईट नव्हत्या. मन लावून ऐकायच्या, म्हणूनच जास्त दमवायच्या. मी खिडकीबाहेर बघत ठरवलं, चहा झाल्यावर सांगू.

चहा झाल्यावर त्यांच्या बहिणीचा फोन आला. शुक्रवारी तेरवीमुळे शाळा नुसती नावाला होती, आम्ही गेलो नाही. माझा निरोप आला नाही, म्हणजे चालतंय, असं मुलांनी धरलं असणार. मी सकाळच्या बसनं भंडाऱ्याला घरी निघून आले. घरून बाईंना मेसेज लिहायला घेतला. इंग्रजीत लिहिलं, ऑर्डरमध्ये थोडा बदल आहे. वाचून बघितलं. एक म्हातारा गेला, गाव जेवणार आहे, मुलांनी तीनशे पत्रावळ्या दिल्या, आणि मी लिहितेय थोडा बदल. पुसलं. पुन्हा लिहिलं, ते फार लांब झालं. आई म्हणाली, जेवून घे. मी जेवले. नंतर झोपले. एवढंच झालं. कुठलंही मोठं कारण नव्हतं, हे मी स्वतःलाही कितीदा तरी सांगून पाहिलं आहे, कारण मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी रिसॉर्टची जीप शाळेत आली आणि पत्रावळ्या तेरवीला गेल्याचं कळल्यावर रिकामी परत गेली. व्यवस्थापकानं बाईंना फोन करून सांगितलं की पोरांकडून यापुढे काही घेणार नाही. बाईंनी मला फोन केला. आवाज शांत होता, पण त्या वाक्यं अर्धी सोडत होत्या. तुला हे माहीत होतं का, असं त्यांनी मला विचारलं नाही. त्यांच्या मनातच आलं नसावं. सोमवारी सगळ्यांशी बोलू, एवढंच म्हणाल्या. मी बरं म्हणाले.

सोमवारी मागच्या खोलीत मुलं ओळीनं खाली बसली. हेडमास्तरांसाठी खुर्ची आणली गेली. बाई उभ्या राहिल्या, मी त्यांच्या बाजूला.

"तुम्ही पत्रावळ्या दिल्यात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि मी ते मराठीत सांगितलं. "उद्योग तुमचा आहे. मला विचारलं असतं तरी मी नको म्हटलं नसतं. पण तिकडे माणसं वाट बघत होती. कळवलं का नाही?"

कळवलं का नाही. हे तीन शब्द मी इतके स्पष्ट उच्चारले की मला स्वतःचीच लाज वाटली. मुलं जमिनीकडे बघत होती. प्रमुख मुलगी उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी आता बोलेन, एवढीच वाट ती बघत होती. मी बाईंच्या पुढच्या वाक्याची वाट बघितली. मग तिनं नजर काढून घेतली आणि पुन्हा माझ्याकडे वळवली नाही. हेडमास्तरांसमोर एखाद्या मॅडमचं नाव घेणं तिला जमणार नव्हतं.

"मी त पहिलेच म्हनलं होतं," हेडमास्तर खुर्चीतून म्हणाले, "जिम्मेदारी समजत नाई यायले. येवढी मोठी ऑर्डर, अन् सांगाची अक्कल नाई? काहून नाई सांगतलं?"

मुलीनं गळ्यातली दोरी मुठीत धरली.

"तुया बाप मोठा मॅनेजर मॅनेजर करत फिरते. आता मीच सांगतो त्याले. दे, चाबी काढ."

बाईंनी मला विचारलं, ते काय म्हणतायत? मी सांगितलं. या वेळी धार बोथट केली नाही. तेवढा जीवच उरला नव्हता. बाई म्हणाल्या की थोडे दिवस दुसऱ्या कुणी प्रमुख व्हावं, हे त्यांनाही बरोबर वाटतं. शिक्षा म्हणून नाही. पण ज्याच्यावर विसंबता येईल असं कुणीतरी हवं. मी तेही सांगितलं. विसंबता येईल, असाच शब्द वापरला. पुस्तकी. कुणी हसलं नाही.

मुलगी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढायला लागली. ती वेणीत अडकली. तिनं ती ओढली, मग हात खाली करून शांतपणे गाठ सोडवायला लागली, आणि आम्ही सगळे ती गाठ सुटायची वाट बघत उभे राहिलो.

तेवढ्यात मागच्या ओळीतून आवाज आला, हळू, पण खोलीत ऐकू जाईल एवढा.

"सांगतलं त होतं ना तिनं."

"चूप बस वो," शेजारची म्हणाली. "मॅडम हायेत ना तठी."

दोघी त्याच होत्या, गुरुवारच्या.

हेडमास्तरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. बाईंनी ऐकलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण पाच महिन्यांतले तीन महिने त्या मुलांच्या आवाजांकडे लक्ष देत आल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"मागे ती मुलगी काय म्हणाली?"

नेहमीसारखं मला फक्त सांगायचं होतं. दुसऱ्याचं वाक्य उचलायचं आणि पलीकडे ठेवायचं. मी असंच म्हणू शकले असते. तो शब्द माझ्या तोंडात तयारच होता.

"ती म्हणतेय, प्रमुख मुलीनं कळवलं होतं," मी इंग्रजीत सांगितलं.

"कुणाला?"

दोरीची गाठ सुटली होती. चाबी मुलीच्या मुठीत होती आणि हेडमास्तरांनी हात पुढे केला होता. मी बाईंना इंग्रजीत एका शब्दात उत्तर दिलं. त्यांनी भुवया उंचावल्या, पण मी त्यांच्याकडे बघत राहिले नाही. हेडमास्तरांकडे वळले, मुलांकडे वळले, आणि कुणीही सांगितलेलं नसताना बोलले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"मले सांगतलं होतं तिनं. गुरुवारी, नळापाशी. मीच पुढं सांगतलं नाई. चाबी तिलेच राहू द्या, सर, अन् तिच्या बाबाले मी सोता सांगतो."