ड्रिल उलटं फिरलं तेव्हा

सांगावं की नाही, यातच माझा अर्धा चहा गार झालाय! शिवाय ते ड्रिल हिरवं होतं की निळं, हेही आता नक्की आठवत नाही. आमच्या सरलाबाई म्हणतात, निळं. म्हणजे निळंच असणार. घोटाळा मात्र माझाच, यावर आम्हा नवरा-बायकोत कधी वाद झालेला नाही.

म्हैसूरजवळ हूटगळ्ळीला मुलीनं घर बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहप्रवेश, आणि पुढचं दार अजून भिंतीला टेकून उभं! घरात वीज आलेली नव्हती. त्यात सुतार मंजुनाथच्या ड्रिलची बॅटरी ऐन वेळी मेली. मी पडलो पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. गप्प बसेन?

"आण आमच्या घरी. आतले सेल बदलून देतो."

"अहो, सुम्ने बसा की!" सरला म्हणाली. म्हैसूरच्या आम्हा मराठी माणसांना गप्प बसायलाही कन्नड लागतं.

बाजारातून पट्ट्या लावलेले दहा सेल आणले. एकाचं धन टोक पुढच्याच्या ऋण टोकाला. प्रत्येक जोड सोल्डर करून तीनदा तपासला. मागे उभ्या मंजुनाथचा श्वास मानेवर जाणवत होता.

"सार, आयता? झालं?"

"झालं!"

नव्या सेलांत थोडा जीव असतोच. बॅटरीचा पॅक बसवला, खटका दाबला. ड्रिल फिरलं. उलटं!

वायरी उलट्या जोडल्या की मोटार उलटी फिरते, हे मीच जन्मभर शिकवलेलं. म्हणजे मी धन-ऋणाचीच गफलत केली?

मंजुनाथ पुढे झाला. "सार, ते..."

"थांब रे! चूक माझी आहे. मला दिसतेय ना!"

पॅक उघडला, टोकाच्या दोन्ही वायरी उपटल्या, अदलाबदल करून लावल्या. ड्रिल सुलटं फिरलं! आणि मीच ऐटीत पॅक चार्जरवर लावला.

दहा मिनिटांत जळका वास. मग धूर. मग सूं सूं आवाज!

"सरला, बाहेर पळ!" मी ओरडलो. आणि स्वतः? स्फोट केवढा होईल याचं गणित मांडत तिथंच उभा! सरलानं बटण बंद केलं, सांडशीनं पॅक उचलला आणि अंगणातल्या वाळूत नेऊन टाकला.

दार मंजुनाथनं हातानं स्क्रू पिळून बसवलं. मला दार धरायला उभं केलं. "सार, नुसतं धरा. विचार करू नका."

गृहप्रवेश वेळेवर झाला.

बऱ्याच वर्षांनी मंजुनाथ मुलीकडे कपाट बसवायला आला, तेव्हा धीर करून विचारलं, "त्या दिवशी तू काय सांगत होतास?"

"सार, खटक्याच्या वर बटण असतं. वाकडे स्क्रू काढायला मी ते उलट बाजूला केलं होतं. तेवढं सरकवा म्हणत होतो."

त्याच्या नव्या ड्रिलवर बटण सरकवून पाहिलं. उलट. सुलट. पुन्हा उलट.

म्हणजे माझं सोल्डरिंग बिनचूक होतं; वायरी मी उलटवल्या म्हणूनच पॅक चार्जरवर जळला. जन्मात एक काम पहिल्या खेपेला बरोबर जमलं, आणि ते मीच दुरुस्त केलं!