पाहुण्यांच्या दिवसापुरतं

मे महिना, सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं. पुष्पलता कूलरात पाणी भरत होती आणि न्हाणीतल्या कुशलशी बाहेरूनच बोलत होती. पोरानं पहिल्यांदा जीव द्यायला पाहिलं, त्याच साली न्हाणीची आतली कडी काढली होती. तो बोलता राहिला म्हणजे जिता आहे, एवढंच तिला कळायचं.

"साबण सापडला काय गा?"

"सापडला. आता गाणं म्हणू काय?"

अंजूला पाहायला उद्या उमरेडचे पाहुणे येणार होते. भावाला ऐकू जातं हे ठाऊक असूनही ती म्हणाली, "त्याले दवाखान्यात ठेव ना वं आई, दोन दिवस."

"बऱ्या माणसाले कोण ठेवून घेते?"

"सांगून दे, पुन्हा मरतो म्हणून राहिला."

पोरांच्या बापानं, ईश्वरदासनं, गालातला तंबाखूचा खर्रा सरकवला. "पोरीचं एकदाच होते. याचं तर चालूच राहते."

कुशल डोकं पुसत बाहेर आला. "मीच सांगतो न. मले चांगलं जमते ते." आणि हसला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्याला पहिल्यापासून ओळखत. आधी दर आठवड्याला बोलवायच्या, आता महिन्याला. पुष्पलतानं तोंड उघडलं तसं त्यांनी हातानंच थांबवलं. "कुशल, तू सांग."

"वाटते मॅडम. रोजच."

"कधीपासून?"

"गेलं कधी होतं? घरचे खुश दिसत होते, म्हणून सांगत नव्हतो."

भाजीचा भाव सांगावा तसा तो बोलला. बाईंनी पेन खाली ठेवला. "बरं केलंस सांगितलंस. आता इथंच थांब. आई, हे दोन दिवसांचं काम नाही."

वॉर्डाच्या दाराशी अटेंडंटनं त्याचा पट्टा काढून घेतला. पुष्पलतानं त्याचं मनगट धरलं. "आमच्यासाठी बोलला न गा तू? खरं सांग."

"तुम्हाले कोणतं खरं पायजे?" त्यानं विचारलं आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पोरगी पसंत पडली. मुलाच्या आईनं पोह्यातले दाणे वेचत विचारलं, "भाऊ दिसत नाही?"

"पुण्याले आहे, कंपनीत," ईश्वरदास म्हणाला. अंजूनं पदर सारखा केला.

"अस्सं. तब्येतपाणी बरं आहे न त्याचं?"

सगळे पुष्पलताकडे पाहू लागले.

"बरं आहे," ती म्हणाली. "चहा ठेवते." आणि आत जाऊन आलं ठेचू लागली.